विरलेल्या लुगड्याला दंड घाला

प्रश्न : आईचं इरकली नऊवारी मधोमध विरलंय. काठ-पदर धड आहेत. टाकवत नाही. काय करू?

उत्तर : टाकू नका हो, ताई! लुगडं उजेडासमोर धरा, विरलेला भाग लगेच दिसेल. तेवढा आडवा कापून काढा आणि धड टोकं एकमेकांना जोडा, यालाच दंड घालणं म्हणतात. काठाला काठ तंतोतंत जुळवा. कडा आत दुमडून हातानंच शिवा. आमच्या सासूबाई तसंच करायच्या. जुन्या सुताला मशीनचा ताण सोसत नाही. नऊवारी सुमारे ८.२ मीटर, अडीच मीटर गेलं तरी पाचवारी छान नेसता येते, दंडही निऱ्यांत लपतो. पदर रेशमी असेल तर गरम पाणी नको. विरलेला तुकडा जपून ठेवा, गोधडीच्या आतल्या थराला असंच मऊसूत कापड लागतं.