कंपनीचं सॉफ्टवेअर ओपन सोर्समध्ये जाणार, मुलीने तिथे रुजू व्हावं का?

प्रश्न: माझी मुलगी संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॅम्पस मुलाखतीतून एका कंपनीत तिची निवड झाली आहे. ही कंपनी स्वतःचं ऑफिस सॉफ्टवेअर बनवते. आता त्यांनी जाहीर केलंय की या सॉफ्टवेअरची वेगळी आवृत्ती बंद करून त्याचा कोड एका ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना मोफत वापरता आणि बदलता येणाऱ्या, प्रकल्पात विलीन करणार. मुलगी खुशीत आहे, मला मात्र धास्ती वाटते. जे फुकट वाटायचं त्यासाठी कंपनी माणसं कशाला पोसेल? दोन वर्षांत टीमच बंद झाली तर? तिने ऑफर स्वीकारावी का?
एक आई

उत्तर: ताई, ऑफर स्वीकारायला हरकत नाही. पण होकार कळवण्याआधी मुलीने एक गोष्ट लेखी विचारून घ्यावी: आपण कुठल्या टीममध्ये जाणार? कोड नव्या प्रकल्पात नेणाऱ्या, की बंद होणाऱ्या आवृत्तीची निरवानिरव करणाऱ्या? कंपनी एकच, पदाचं नाव एकच, पगारही कदाचित एकच. तरी या दोन जागांवरून दोन वर्षांनी बाहेर पडणाऱ्या मुलांच्या हातात फार वेगवेगळं काही असतं.

असं विलीनीकरण यापूर्वी झालेलं आहे. स्टारऑफिस हे स्टार डिव्हिजन या जर्मन कंपनीचं सॉफ्टवेअर. १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने ती कंपनी विकत घेतली आणि २००० मध्ये कोड खुला केला. त्यातून ओपनऑफिस उभं राहिलं. आयबीएमने त्याच कोडवरून लोटस सिम्फनी तयार केलं आणि २००७ पासून ते मोफत द्यायला सुरुवात केली. मोफत असलं तरी आयबीएमने केलेले बदल बंदच होते, म्हणजे त्यांचा कोड इतरांना मिळत नव्हता, कारण ज्या जुन्या ओपनऑफिसवरून ते बनलं त्याच्या दोन लायसन्सपैकी (कोड वापरण्याच्या अटींपैकी) एकात तशी मुभा होती. २०१० मध्ये सन ओरॅकलकडे गेली. प्रकल्पातल्या बऱ्याच जणांनी वेगळं होऊन त्याच वर्षी लिब्रेऑफिस सुरू केलं. जून २०११ मध्ये ओरॅकलने ओपनऑफिस अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनला, म्हणजे ओपन सोर्स प्रकल्प सांभाळणाऱ्या ना-नफा संस्थेला, देऊन टाकलं आणि पुढच्याच महिन्यात आयबीएमने सिम्फनीचा कोडही अपाचेला देत असल्याचं सांगितलं. सिम्फनीची शेवटची आवृत्ती जानेवारी २०१२ मध्ये आली.

एवढी मोठी कंपनी स्वतःचं उत्पादन असं का सोडते, याचं उत्तर तुमच्या पहिल्या प्रश्नातच दडलेलं आहे. दुसऱ्याच्या कोडवर स्वतःची वेगळी फांदी वाढवत ठेवणं महागात पडतं. मूळ प्रकल्प पुढे जातो, त्याची नवी आवृत्ती येते, की आपले सगळे बदल पुन्हा तिच्यावर बसवा, पुन्हा तपासा. मूळ प्रकल्पात कुणी दुरुस्त केलेला बग, म्हणजे कोडमधली चूक, आपण आपल्याकडे नव्याने दुरुस्त करत बसतो. कोड मूळ प्रकल्पातच गेला की ही दुप्पट मेहनत वाचते. म्हणजे कंपनी फुकट काही वाटायला निघालेली नसते, ती स्वतःचा खर्च कमी करत असते. त्यासाठी काही काळ तरी तिला चांगली माणसं लागतातच, कारण विलीनीकरण हे बटण दाबून होणारं काम नाही.

किती वेळ लागतो ते बघा. अपाचेच्या नियमांत न बसणाऱ्या लायसन्सचे घटक ओपनऑफिसमधून काढायचे, त्यांच्या जागी दुसरे बसवायचे, प्रत्येक फाइलवरची लायसन्सची नोंद बदलायची, यातच जवळपास वर्ष गेलं. अपाचेची पहिली आवृत्ती, ३.४, आली ती मे २०१२ मध्ये. सिम्फनीचा कोड आल्यावर प्रश्न पडला की सिम्फनीलाच नवा पाया मानायचं, की तिच्यातली चांगली कामं एकेक करून ओपनऑफिसमध्ये आणायची. चर्चेनंतर दुसरा, सावकाशीचा मार्ग ठरला. सिम्फनीत खिडकीच्या कडेला अक्षराचा आकार, रंग, समास वगैरे बदलण्याची पट्टी होती. तशी साइडबार ओपनऑफिसमध्ये आली जुलै २०१३ च्या ४.० आवृत्तीत. दृष्टिहीन लोक स्क्रीन रीडरने काम करतात, त्यांच्यासाठी विंडोजवर आयबीएमने केलेलं काम तर एप्रिल २०१४ च्या ४.१ मध्ये पोहोचलं. घोषणा २०११ ची, आणि हे शेवटचं काम लोकांच्या हातात पडायला २०१४ उजाडलं.

आता या कामात नवशिक्या अभियंत्याच्या वाट्याला काय येतं ते सांगते, कारण तुमच्या मुलीचा निर्णय यावर व्हायला हवा. समजा कंपनीच्या आवृत्तीत एक दुरुस्ती आहे: वर्डमध्ये केलेल्या फाइलमधल्या तक्त्याची कड उघडताना नाहीशी व्हायची, ती आता दिसते. कंपनीच्या कोडमध्ये ही दुरुस्ती पंधरा-वीस ओळींची. ती उचलून प्रकल्पाच्या कोडमध्ये ठेवली की बिल्डच होत नाही, म्हणजे कोडपासून चालणारं सॉफ्टवेअर तयारच होत नाही, कारण ज्या फंक्शनवर ती उभी होती ते तिकडे कुणीतरी दोन वर्षांपूर्वी मोडून तीन केलेत. मग मुळात कड का जात होती इथपासून शोधायचं. फाइल वाचणारा कोड वेगळा, तक्ता रचणारा वेगळा, पडद्यावर काढणारा वेगळा. कारण सापडलं की दुरुस्ती नव्याने लिहायची, सोबत नमुना फाइल आणि टेस्ट जोडायची आणि ती अशा माणसापुढे ठेवायची जो आपल्या कंपनीचा नाही, आपल्या मॅनेजरला ओळखत नाही आणि ज्याला आपल्या डेडलाइनशी काही देणंघेणं नाही. तो विचारणार, हा बदल केल्यावर ओडीएफ (प्रकल्पाच्या स्वतःच्या प्रकारातल्या) फाइलींचं काय होतं? उत्तर सगळ्यांसमोर द्यायचं. पटलं नाही तर पॅच, म्हणजे पाठवलेली दुरुस्ती, परत येतो.

कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये यातलं काहीही शिकायला मिळत नाही. दुसऱ्याचा प्रचंड, जुना कोड वाचणं हेच तर नोकरीतलं निम्मं काम असतं, आणि त्याचा सराव मुलांना कुठेच मिळत नाही याची मला नेहमी खंत वाटते. स्टारऑफिसच्या काळातल्या कोडमध्ये टिपा जर्मन भाषेत होत्या. लिब्रेऑफिसमध्ये त्यांचं इंग्रजी भाषांतर करणं हे नव्या माणसांना दिलं जाणारं एक काम होतं. टिपा वाचता वाचता माणूस कोडमध्ये शिरायचा, ही पद्धत मला फार आवडते.

लायसन्सची जाणही इथे आपोआप येते. अपाचेच्या लायसन्सखालचा कोड लिब्रेऑफिसला घेता येत होता, उलट दिशेने मात्र तसं करता येत नव्हतं. म्हणून ती साइडबार ओपनऑफिसमध्ये आली त्याच महिन्यात लिब्रेऑफिसच्या ४.१ मध्येही प्रायोगिक स्वरूपात दिसली. कुठला कोड कुठे चालतो हे सांगू शकणारा अभियंता कुठल्याही मोठ्या कंपनीला हवा असतो.

तुमच्या दुसऱ्या भीतीबद्दल मी गोड बोलणार नाही. टीम बंद होऊ शकते. अपाचेच्या प्रकल्पातही सुरुवातीच्या जोमानंतर पगारी मनुष्यबळ आटत गेलं, आणि २०१६ मध्ये प्रकल्प गुंडाळावा लागला तर काय करायचं यावर उघड चर्चा झाली. प्रकल्प बंद पडला नाही, पण ती वेळ आली होती. कंपनीचं धोरण बदलतं, ते तुमच्या किंवा मुलीच्या हातात नाही. तिच्या हातात राहतं ते तिच्या नावावर नोंदलेलं काम. बंद कोडच्या कंपनीतून बाहेर पडताना तुम्ही काय लिहिलं ते कुणाला दाखवता येत नाही. इथे प्रत्येक बदल, त्यावरची चर्चा, तिने दिलेली उत्तरं तारखेसह जाहीर असतात. अपाचेमध्ये कमिटरचा, म्हणजे प्रकल्पाच्या कोडमध्ये थेट बदल करू शकणाऱ्याचा, दर्जा व्यक्तीला मिळतो, कंपनीला नाही. नोकरी बदलली तरी तो टिकतो. पुढच्या मुलाखतीत समोरचा माणूस ते काम तिथल्या तिथे उघडून वाचू शकतो.

आणि या क्षेत्रात पैसा नाही असंही नाही. सॉफ्टवेअर मोफत असलं तरी ते बसवणं, जुन्या फाइली नीट उघडतील असं बघणं, अडलेलं दुरुस्त करणं यासाठी संस्था पैसे मोजतात. जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याने २०२४ मध्ये सरकारी कार्यालयांतले सुमारे ३०,००० संगणक लिब्रेऑफिसवर न्यायचं ठरवलं. अशा कामांवर कोलॅबोरासारख्या कंपन्या अभियंते नेमतात. पण या जागा मोजक्या असतात, हेही खरं. ऑफिस सॉफ्टवेअरपुरतंच करिअर असं तिने डोक्यात घेऊ नये. मोठ्या सी प्लस प्लस कोडमध्ये वावरण्याची सवय ब्राउझर, डेटाबेस, कंपायलर, कुठेही उपयोगी पडते.

मुलीचा स्वभावही बघा. पहिले काही महिने तिला आपण काहीच करत नाही असं वाटेल. नुसता बिल्ड व्हायलाच कित्येक तास लागू शकतात, आणि महिनाभराच्या मेहनतीनंतर दिसतं काय, तर तक्त्याची एक कड. ज्यांना आज लिहिलेलं उद्या मोबाइलवर चमकताना बघायचं असतं, ती मुलं इथे कोमेजतात. तशी असेल तर तिला दुसरी ऑफर शोधू द्या, त्यात कमीपणा काही नाही.

रुजू होण्याआधी तिच्याकडे वेळ आहे. त्यात तिने त्या प्रकल्पाचा कोड उतरवून घरच्या संगणकावर एकदा बिल्ड करून बघावा आणि नवशिक्यांसाठी ठेवलेला एखादा छोटा बग घ्यावा. लिब्रेऑफिसमध्ये अशा बगांना ईझी हॅक म्हणतात, बहुतेक मोठ्या प्रकल्पांत तशी सोय असते. हे करताना तिचं मन रमतं की नाही ते तिला आणि तुम्हाला दोघींना कळेल.

टीमच्या प्रश्नासोबत कंपनीला आणखी दोन गोष्टी विचारायला सांगा. प्रकल्पात आधीपासून कमिटर असलेले किती जण तिच्या टीममध्ये आहेत? आणि ती स्वतःच्या नावाने कोड देणार, की सगळं एका सामायिक खात्यावरून जाणार? उत्तर "निरवानिरवीची टीम" किंवा "सामायिक खातं" असं आलं, तर बदली मागून बघावी. ती मिळत नसेल तर मी ही ऑफर सोडायला सांगेन, पगार बरा असला तरी.

हे प्रश्न तिनेच ईमेलने विचारावेत, तुम्ही फोन करू नका.