कोंडी फुटते, तिढा सुटतो

प्रश्न असा आहे: "ब्रेक्झिटवरच्या, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडण्यावरच्या, एका लेखाचा मराठी अनुवाद करते आहे. २०१९ साली ब्रिटनच्या संसदेत सगळं अडून बसलं होतं, त्याला कोंडी म्हणावं, पेच म्हणावं की तिढा? की सरळ गतिरोध लिहू?"

गतिरोध आधी निकालात काढू. हिंदी बातम्यांत तो शोभतो. आपल्याकडे मात्र गतिरोधक म्हणजे रस्त्यावरचा उंचवटा, आणि त्यावरून गाडी हळू का होईना, पुढे जाते. वेस्टमिन्स्टरमध्ये, म्हणजे ब्रिटिश संसदेत, ती जात नव्हती, हीच तर तक्रार होती.

उरलेले तीन शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. पण त्यांच्यामागे येणारी क्रियापदं बघा. कोंडी होते आणि फुटते. तिढा पडतो आणि सुटतो. पेचात माणूस सापडतो. तुमच्या लेखात बहुधा तिन्ही लागतील, फक्त वेगवेगळ्या जागी.

पेच फारसीतून आला. मूळ अर्थ पीळ, वळसा. पतंगांचा पेच, कुस्तीतले डावपेच त्यातलेच. बातमीतला पेच मात्र कुणाला तरी पडावा लागतो. तो पडला होता तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांना. जून २०१७ मध्ये मुदतीआधी निवडणूक घेऊन त्यांनी हातातलं बहुमत घालवलं, संसद त्रिशंकू झाली आणि सरकार उत्तर आयर्लंडमधल्या एका पक्षाच्या १० खासदारांवर टेकलं. युरोपीय संघाशी बाहेर पडण्याचा करार करायचा होता. तो मऊ करावा तर स्वपक्षातले कडवे उठतात, कडक करावा तर युरोप ऐकत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मे यांच्यापुरतं 'पेच' लिहा. 'कुचंबणा'ही चालेल, मला तर तोच जास्त आवडतो.

कोंडी सभागृहाची. १५ जानेवारी २०१९ ला मे यांचा करार ४३२ विरुद्ध २०२ मतांनी पडला. मार्चमध्ये आणखी दोनदा पडला. बरं, करार नको तर करारावाचून बाहेर पडू, म्हणावं, तर तेही सभागृहाला नको होतं. मग खासदारांनीच पर्याय मांडले. २७ मार्चला आठ ठराव मतदानाला आले, आठही फेटाळले गेले. १ एप्रिलला चार आले, तेही गेले. युरोपाबरोबरच्या जकात संघात राहण्याचा ठराव अवघ्या ३ मतांनी हुकला. एरवी कोंडी कुणीतरी बाहेरून करतं, इथे कडी आतून लावलेली होती. कुणी याला 'भिजत घोंगडं' म्हणेल, पण ते जमत नाही. भिजत घोंगड्याला घाई नसते. इथे काहीच ठरलं नाही तरी ठरल्या तारखेला देश आपोआप बाहेर पडणार होता, म्हणून तर मुदत २९ मार्चवरून १२ एप्रिल, मग ३१ ऑक्टोबर अशी ढकलत न्यावी लागली.

तिढा खरा आयर्लंडच्या सीमेचा. दोरीला पडलेला पीळ एका टोकाला सरळ करावा तर दुसरीकडे सरकतो, तसा हा. उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्ये, शेजारचं आयर्लंड प्रजासत्ताक युरोपीय संघात, आणि उत्तर आयर्लंडमधला हिंसाचार थांबवणाऱ्या १९९८ च्या शांतता कराराला धक्का न लावता दोहोंमधली सीमा खुली ठेवायची. त्यासाठी करारात 'बॅकस्टॉप'ची तरतूद होती: दुसरी व्यवस्था ठरेपर्यंत सगळा ब्रिटन युरोपाबरोबर एकाच जकात क्षेत्रात राहील. त्यातून ब्रिटनला एकट्याच्या मर्जीने निघता येणार नव्हतं, आणि विरोधकांचा सगळा राग त्यावरच होता. बॅकस्टॉप तसाच देवनागरीत ठेवा, पण तो समजावून सांगायला मराठीत एक झकास जोडी आहे: एक टोक ओढलं की सुटते ती सुरगाठ, ओढू तशी आवळते ती निरगाठ. विरोधकांच्या लेखी बॅकस्टॉप ही निरगाठ होती. उलट, बाहेर पडण्याची दिलेली नोटीस ही सुरगाठ ठरली. ब्रिटनला ती एकतर्फी मागे घेता येईल, असं युरोपीय न्यायालयाने १० डिसेंबर २०१८ ला सांगितलं होतं. ते टोक मात्र कुणी ओढलं नाही.

आता तुमचं शेवटचं वाक्य. १२ डिसेंबर २०१९ च्या निवडणुकीत मे यांच्यानंतरचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या पक्षाला बाकी सगळ्यांपेक्षा ८० जागा जास्त मिळाल्या आणि ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर पडला. इथे 'तिढा सुटला' लिहू नका, 'कोंडी फुटली' लिहा. तिढा जमिनीवरून समुद्रात सरकला होता: मालाची तपासणी आता ब्रिटनच्या मुख्य बेटावरून उत्तर आयर्लंडला जाताना होऊ लागली, आणि त्यावरून पुढची काही वर्षं भांडणं झाली. ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्यातल्या २०२३ च्या विंडसर समझोत्यानंतर तो बराच सैल झाला. 'सैल झाला' इथपर्यंत मी लिहीन. 'सुटला' अजून लिहिणार नाही.