रक्ताने भिजलेले कपडे पोलीस खाकी कागदात का बांधतात? प्लास्टिकची पिशवी जास्त सुरक्षित नाही का?

प्लास्टिक बाहेरचे काही आत जाऊ देत नाही, हे खरे. पण ते आतली ओलही बाहेर जाऊ देत नाही आणि घोळ तिथेच होतो. ओला शर्ट पिशवीत कोंडला की त्याला बुरशी धरते, जिवाणू वाढतात आणि रक्तातल्या डीएनएचे तुकडे पडतात. मग रक्त माणसाचे आहे हे एक वेळ कळेल, पण कोणाचे ते सांगता येणार नाही.

म्हणून कपडे आधी सावलीत, खाली स्वच्छ कोरा कागद अंथरून वाळवायचे. ऊन नको, हेअर ड्रायर नको आणि पंख्याचा थेट झोतही नको, कारण सुकलेल्या रक्ताच्या खपल्या उडतात. वाळताना पडलेला केस, धागा, खपली खालच्या कागदावरच राहते, म्हणून तो कागदही घडी करून सोबत पाठवायचा. शर्टाची घडी डागावरून मोडायची नाही आणि दोन पदरांमध्ये कागद घालायचा. नाहीतर छातीवरचा डाग पाठीवर उमटतो आणि वार समोरून झाला की मागून, यावर कोर्टात कीस पडतो. मृताचे आणि आरोपीचे कपडे एकाच टेबलावर वाळवणे ही तर माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारी चूक, कारण एकाचे रक्त दुसऱ्याच्या कपड्यावर कसे आले याचे आयते उत्तर बचाव पक्षाला मिळते.

घटनास्थळी वाळवायची सोयच नसेल तर नेण्यापुरते प्लास्टिक चालते, पण फार तर दोन तास.

आगीच्या गुन्ह्यात मात्र हा सगळा हिशेब उलटा होतो. रॉकेल किंवा पेट्रोल ओतल्याचा संशय असेल तर जळका कपडा, माती, गादीचा तुकडा कागदात ठेवून उपयोग नाही, वाफ उडून जाते. साध्या पॉलिथिनमधूनही ती हळूहळू निसटते. त्यासाठी घट्ट झाकणाचा कोरा पत्र्याचा डबा किंवा खास नायलॉनची पिशवी लागते. डबा गच्च भरायचा नाही. वरचा पाव भाग मोकळा सोडायचा, कारण प्रयोगशाळेत तिथे साठलेली वाफच तपासतात.

केस, रंगाचे कपचे, काचेचे कण थेट पाकिटात टाकले तर कोपऱ्याच्या फटीतून गळतात. किराणा दुकानदार बांधतो तशी कागदाची पुडी आधी, मग पाकीट. पाकीट थुंकी लावून चिकटवू नये, त्यात स्वतःचाच डीएनए जातो! चाकू पुठ्ठ्याला दोऱ्याने बांधून खोक्यात ठेवायचा, म्हणजे टोक बाहेर येत नाही आणि पाते व मूठ जिथे जुळतात त्या खाचेतले रक्त घासून जात नाही.

पाकीट किंवा खोके बंद झाले की पंचांच्या सह्यांचे लेबल जोडावर चिकटवून जागीच लाखेचे सील लावतात. त्याच सीलचा नमुना ठसा पत्रासोबत प्रयोगशाळेत जातो. तिथे पाकीट उघडण्याआधी ठसे जुळवून पाहतात आणि सील अभंग व नमुन्याप्रमाणे असल्याची नोंद अहवालात करतात. पंचनाम्यात पाच पाकिटे आणि प्रयोगशाळेत सहा पोहोचली, तर आतला शर्ट कितीही नीट वाळवलेला असला तरी उलटतपासणी त्या सहाव्या पाकिटापासूनच सुरू होते.