टीव्ही नंतर घ्या, आधी दोन सकाळी अंगणवाडीत बसून या

तुम्ही विचारलंय : 'आमच्या गावच्या अंगणवाडीत मुलं खाऊपुरती येतात आणि खाऊन पळतात. आम्ही काही तरुणांनी वर्गणी काढून भिंती रंगवायचं आणि टीव्ही बसवायचं ठरवलंय. दर्जा सुधारायला आणखी काय करावं?'

मी नाशिक जिल्ह्यात मुख्यसेविका होते, आता त्या पदाला पर्यवेक्षिका म्हणतात. माझ्या बीटात, म्हणजे देखरेखीच्या भागात, पंचवीसेक अंगणवाड्या होत्या. रेल्वेच्या डब्यासारख्या रंगवलेल्या भिंती मी पुष्कळ पाहिल्या, आणि त्याच भिंतीला टेकून हाताची घडी, तोंडावर बोट करून बसलेली मुलंही पाहिली. म्हणून वर्गणी तूर्त राहू द्या.

तुमच्यातल्या दोघांनी दोन सकाळी अंगणवाडीत कोपऱ्यात बसावं. एकच बघायचं : ताई मुलांशी किती वेळ बोलते, आणि त्यातलं 'गप्प बसा', 'रांगेत या', 'हात धुतले का' सोडून किती उरतं. मी बसायचे तेव्हा कित्येक ठिकाणी अर्धा तासही भरायचा नाही. ताई कामचुकार म्हणून नव्हे. अंगणवाडीकडे सहा सेवा आहेत, पूर्वप्राथमिक शिक्षण ही त्यातली एक. बाकी पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (आजारी मुलाला मोठ्या दवाखान्यात पाठवणं), आयांना आहार-आरोग्याची माहिती. त्यावर गृहभेटी, सर्व्हे, कुठे कुठे मतदार यादीचं काम. पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर माहिती भरायची आणि गावात रेंज नाही, म्हणून ताई चिंचेखाली मोबाइल उंच धरून उभी आणि आत मदतनीस खिचडी ढवळता ढवळता पोरं सांभाळतेय, हे चित्र तुम्हालाही दिसेल. मदतनिसाची जागा रिकामी असेल तर विचारूच नका.

माझं म्हणणं एवढंच की गावाने ताईला वस्तू देण्याआधी वेळ द्यावा. सकाळचे दोन तास फक्त मुलांचे. एका गावात ग्रामपंचायतीचं वायफाय अंगणवाडीपर्यंत ओढलं, घरी न्यायच्या आहाराचं (आम्ही टीएचआर म्हणतो) वाटप दुपारी ठेवलं आणि त्या दिवशी बचत गटाच्या दोन बायका मदतीला येऊ लागल्या. खर्च किरकोळ. पण ताईला गोष्ट शेवटपर्यंत सांगता यायला लागली. मग पोरंच थांबायला लागली, दारातून परत घरी नेणं अवघड व्हायचं.

'अंगणवाडी' हा शब्द कुठून आला ते तुमच्या मंडळींना जरूर सांगा. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या, पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. पाड्यावरची पोरं बालवाडीत येईनात, तेव्हा या बायकांनी बालवाडीच पोरांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात शाळा भरवली. माँटेसोरीची महागडी साधनं खेड्याला परवडणार नव्हती, तर बिया, पानं, शंख-शिंपले, खडे घेऊन तेच काम केलं. सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ची, म्हणजे बोर्डीच्या केंद्रानंतर तीस वर्षांनी. तेव्हा साधनांसाठी अडून बसू नका. कुणाच्या तरी घराचं बांधकाम चालू असेलच, दोन घमेली चाळलेली वाळू, चिंचोके, नारळाच्या करवंट्या, जुन्या साड्या एवढ्यावर आठवडा निघतो. आणि आठवड्यातून एकदा गावातली एखादी आजी. भोपळ्यात बसून लेकीकडून परत येणारी म्हातारी टीव्हीवर दिसेल, पण मध्येच थांबून 'मग वाघ काय म्हणाला असेल?' असं टीव्ही विचारत नाही. घरी भिली किंवा कोकणा बोलणारी पोरं असतील तर त्यांच्याच भाषेतली आजी शोधा.

पालकांशी मात्र भांडावं लागेल. 'आमचा बाब्या अजून अ आ इ लिहीत नाही' म्हणून लोक तीन वर्षांच्या पोराला व्हॅनमध्ये कोंबून तालुक्याच्या इंग्लिश मीडियमला धाडतात. त्या वयात बोटांत पेन्सिल धरायची ताकद कुठून असणार? ती येते माती मळून, मणी ओवून, कागद फाडून. ताईला हे प्रशिक्षणात शिकवलेलं असतं, पण आया पाटी मागतात म्हणून तीही गिरवायला बसवते. पालकसभेत ही गोष्ट ताईऐवजी शाळेच्या गुरुजींनी सांगितली तर लवकर पटते, हा माझा अनुभव (आणि थोडा रागही).

आता एक कबुली. नोकरीच्या सुरुवातीला एका ताईच्या यादीत तीव्र कुपोषित मुलं जास्त दिसली म्हणून मी तिला मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर झापलं. कारण वरून मला झापलं होतं. पुढच्या महिन्यात तिची यादी स्वच्छ. मी खूश! नंतर त्या वस्तीवर गेले, काटा टांगला, तर पोरं होती तशीच, वजनं फक्त वहीत वाढली होती. तुम्ही 'दर्जा तपासायला' म्हणून आवाज चढवून गेलात तर तुमच्याही गावात वही सुधारेल. त्यापेक्षा महिन्याच्या वजनाच्या दिवशी मदतीला जा आणि ज्याचं वजन घटलंय त्याच्या घरी कोण आजारी आहे, आई कुठे कामाला जाते ते बघा.

आमच्याकडे द्राक्षाच्या हंगामात आया उजाडताच बागेत जायच्या. तीन वर्षांच्या आतलं पोर मोठ्या बहिणीच्या कडेवर, म्हणजे बहिणीची शाळा बुडाली. अंगणवाडीला जोडून पाळणाघराची 'पालना' योजना आहे. मागणी ग्रामसभेच्या ठरावाने बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे द्या.

पैशाचं म्हणाल तर ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. तो कशावर गेला, हे ग्रामसभेत विचारा. बऱ्याचदा शिलाई मशीनवर जातो. नळ, मुलांच्या उंचीचा संडास आणि स्वयंपाकाला वेगळा आडोसा ही कामं विकास आराखड्यात घालून घ्या. वर्गणी यात घालवू नका, हा पंचायतीचा खर्च आहे.

बसायला जाल तेव्हा आदल्या दिवशी ताईला सांगून जा, आणि मोबाइल खिशातच ठेवा. फोटो काढलात तर तिला वाटेल, तक्रार करायला आलात. मग दोन्ही सकाळी तुम्हाला फक्त हाताची घडी दिसेल.