नव्वद दिवसांची नोंद

प्रश्न : बँकॉकमध्ये नोकरी करते. नव्वद दिवसांची नोंद कधी करायची? मध्ये भारतात जाऊन आले तर?

उत्तर : थायलंडमध्ये सलग नव्वद दिवस राहिलेल्या परदेशी व्यक्तीने आपला पत्ता इमिग्रेशन कार्यालयाला कळवायचा असतो, तीच ही नोंद. नव्वदाव्या दिवसाआधी १५ दिवसांपासून नंतरच्या ७ दिवसांपर्यंत तिचा टीएम ४७ हा अर्ज भरता येतो. उशीर झाला, तर स्वतः जाऊनही २,००० बाट दंड. देशाबाहेर जाऊन आलात की मोजणी नव्याने सुरू होते. मात्र या नोंदीने मुक्कामाची मुदत वाढत नाही, आणि नेमकी इथेच गल्लत होते. पासपोर्टवरच्या शिक्क्यातली तारीखच खरी. निघण्यापूर्वी पुनर्प्रवेश परवाना घ्याच : एका वेळेचा १,०००, अनेक वेळांचा ३,८०० बाट. तो नसला, तर देश सोडताच मुदतवाढ संपते. घरमालकाने टीएम ३० नोंद (परदेशी व्यक्ती घरी राहायला आल्याची नोंद) केली का, तेही विचारा. ती तुम्ही राहायला आल्यापासून २४ तासांत करायची असते.