जानेवारीची घाई नको: एलसॅटबद्दल सोलापूरच्या मुलीला उत्तर

तू विचारलंस: "ताई, मी बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. दिवाळीनंतर अभ्यास सुरू करून जानेवारीत एलसॅट, म्हणजे लॉ कॉलेजची प्रवेश परीक्षा, दिली, तर पुढच्या ऑगस्टला अमेरिकेत जेडीला, म्हणजे कायद्याच्या पदवीला, जाता येईल का? त्यासाठी पुण्यात क्लास लावू का?"

जाता येईल. तरीही माझं म्हणणं आहे की एक वर्ष थांब. का, ते सांगते.

मी नेमकं तुझ्यासारखंच केलं होतं. एका क्लासने "दहा आठवडे पुरतात" म्हणून सांगितलं आणि मी जानेवारीची तारीख घेतली. संक्रांतीचे दिवस, गड्ड्याच्या जत्रेसाठी गावाकडून आलेले पाहुणे, घरात पाय ठेवायला जागा नाही, आणि मी माळ्यावर घड्याळ लावून पेपर सोडवतेय. 152 आले. ही परीक्षा 120 ते 180 मध्ये मोजतात. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये पुन्हा दिली आणि 164 आले. ज्या कॉलेजने आधी नुसतं वेटलिस्टवर ठेवलं होतं, त्यानेच या वेळी निम्मी फी माफ केली. तिथल्या सरकारचं शैक्षणिक कर्ज आपल्याला मिळत नाही आणि तीन वर्षांची फी घरच्यांच्या जिवावर भरायची असते, म्हणून हे बारा गुण मी आयुष्यभर विसरणार नाही.

आपल्या बाबतीत गुणांना आणखी वजन येतं. अमेरिकी विद्यार्थ्याचा जीपीए, म्हणजे पदवीच्या गुणांची सरासरी, आकड्यात दिसतो. आपली गुणपत्रिका परीक्षा घेणारी संस्था, म्हणजे एलसॅक, तपासते आणि "सरासरीपेक्षा वर" अशा धर्तीचा शेरा देते. मग कॉलेजला तुझी तुलना करायला हातात ठोस आकडा उरतो तो एलसॅटचाच.

आता अभ्यासाचं. ऑगस्ट 2024 पासून लॉजिक गेम्स (तर्काची कोडी) गेले. जुन्या बाजारात स्वस्त मिळतात म्हणून त्यांची पुस्तकं घेऊ नकोस. आता 35 मिनिटांचे चार भाग असतात. गुण तिघांचे धरतात: लॉजिकल रीझनिंगचे (छोटे युक्तिवाद तपासायचे) दोन, रीडिंग कॉम्प्रिहेन्शनचा (उतारे वाचून उत्तरं द्यायचा) एक. चौथा या दोहोंपैकीच एखादा असतो, त्याचे गुण धरत नाहीत, पण तो कोणता हे तुला कळत नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. निबंध वेगळा द्यावा लागतो. त्याला गुण नसतात, पण तो दिल्याशिवाय पहिला निकाल हाती येत नाही.

म्हणजे दोन-तृतीयांश परीक्षा युक्तिवाद वाचण्याची आहे, आणि इथे आपण मराठी माध्यमातली मुलं एका विशिष्ट जागी घसरतो. ती जागा मला मराठीतूनच उमगली. "पाऊस झाला तर पेरणी होईल" आणि "पाऊस झाला तरच पेरणी होईल" ही दोन वाक्यं वहीत शेजारी लिही. पहिल्यात पाऊस पुरेसा आहे. पाऊस झाला की पेरणी नक्की, पण विहिरीच्या पाण्यावरही ती होऊ शकेल. दुसऱ्यात पाऊस आवश्यक आहे, पुरेसा नाही. पाऊस झाला आणि बियाणंच नसलं तर रान पडीक राहील. मात्र पेरणी झालेली दिसली तर पाऊस झाला होता हे नक्की. इंग्रजीत पहिलं "इफ", दुसरं "ओन्ली इफ". घाईत दोन्ही सारखेच वाटतात आणि प्रश्न काढणाऱ्यांना ते पक्कं ठाऊक असतं. तसंच "सम". "काही मुलं नापास झाली" म्हटलं की आपण बाकीची पास झाली असं धरतो. या परीक्षेत "सम" म्हणजे किमान एक, कदाचित सगळीच. "मोस्ट" म्हणजे निम्म्याहून जास्त, तीही कदाचित सगळी. हे रक्तात भिनायला महिने लागतात, दहा आठवड्यांत फक्त पाठ होतं.

म्हणून दिवाळीनंतर सुरू कर, पण घड्याळ न लावता. आधी एलसॅकच्या लॉहब या सरावाच्या संकेतस्थळावर फुकट खातं उघड आणि तिथली एक पूर्ण चाचणी देऊन आपण कुठे आहोत ते बघ. मग मार्चपर्यंत रोज दीड तास, संथपणे. प्रत्येक चुकीची वहीत नोंद: मी काय निवडलं, ते का पटलं, आणि बरोबर उत्तर का बरोबर. "लक्ष नव्हतं" असं कारण लिहायचं नाही, त्याने काही सुधारत नाही. बीकॉमच्या परीक्षेआधी महिनाभर एलसॅट पूर्ण बंद. पदवीच्या गुणांवर पाणी सोडू नकोस.

मे ते जुलै खरे दिवस. सोलापूरच्या मे महिन्यात दुपारी डोकं चालत नाही, तेव्हा पहाटे पाचला बस. वेळ लावून भाग सोडवलास की उत्तरं न बघता शंका वाटलेले प्रश्न निवांत पुन्हा सोडव आणि मगच तपास. निवांतपणी बरोबर आणि घाईत चूक असेल तर वेगाचं काम करायचं. दोन्ही वेळा चूक असेल तर समजच कच्ची आहे. आठवड्याला एकच पूर्ण चाचणी. शेवटच्या महिन्यात ती परीक्षेच्याच वेळेला दे.

ऑगस्टची तारीख धर, ऑक्टोबर राखीव. नोंदणी साधारण दीड महिना आधी बंद होते. अनुभवासाठी म्हणून देऊन बघू नकोस, एकूण फक्त सात वेळा देता येते. अर्ज सप्टेंबरपासून सुरू होतात आणि बरीच कॉलेजं आले तसे निकाली काढतात, त्यामुळे ऑक्टोबरच्या अर्जाला जास्त जागा शिल्लक असतात, फेब्रुवारीच्या अर्जाला कमी. ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे पदवीची अधिकृत गुणपत्रिका, विद्यापीठाकडून थेट एलसॅकला जावी लागते, तो अर्ज निकाल लागताच कर. तीन वर्षांची पदवी चालते का, हे प्रत्येक कॉलेजला ईमेलने विचारून लेखी उत्तर ठेव.

पुण्याच्या क्लासचं आत्ताच ठरवू नकोस. हुतात्मा एक्स्प्रेसने ये-जा करण्यात दिवस जाईल. फेब्रुवारीपर्यंत वही भर. त्यानंतरही एकाच प्रकारचे प्रश्न अडत असतील तर तेवढ्यापुरती शिकवणी लाव.

लॉहबवरची पहिली चाचणी झाली की आकडा आणि वहीतल्या पहिल्या वीस चुकांचे फोटो मला पाठव. आकडा कमी आला तरी पाठव, मी बघून लिहीन.