हडपसरचं लॉगबुक घेऊन जर्मनीत ग्लायडिंग करायचंय? आधी हे वाचा

दादा, तुम्ही विचारलंत की कंपनीतर्फे स्टुटगार्टला येताय, हडपसरला चाळीसेक तास ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनचं विमान, उडवलाय, सोलो (एकट्याने उड्डाण) झालंय पण आता बारा वर्षं हात लावलेला नाही, तर डीजीसीएचं (भारताच्या विमान वाहतूक खात्याचं) लायसन्स इथे चालेल का, आणि १३ वर्षांच्या मुलीलाही शिकायचंय तर जमेल का. मीही पुण्याचाच, हडपसरच्या विंचवरच, म्हणजे केबलने ग्लायडर ओढून वर चढवणाऱ्या यंत्रावर, शिकलो आणि इथे येऊन तेच सगळं परत केलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मुख्य गोष्ट. नुसतं भारतातलं लायसन्स दाखवून इथलं हातात मिळत नाही. इथे लागतं ते एसपीएल, म्हणजे सेलप्लेन पायलट लायसन्स, आणि त्याचे नियम जर्मनीचे एकट्याचे नाहीत तर सगळ्या युरोपियन युनियनचे, ८ एप्रिल २०२० पासून ग्लायडरसाठी वेगळं नियमपुस्तकच लागू आहे. त्याचा फायदा असा की एकदा एसपीएल झालं की फ्रान्समध्ये आल्प्सवर उडा नाहीतर ऑस्ट्रियात जा, लायसन्स तेच. आणि त्या लायसन्सवर एक्सपायरी डेट नसते. पण त्यातही एक गोम आहे, ती पुढे सांगतो.

निघायच्या आधी पुण्यातच करायचं काम म्हणजे लॉगबुक, म्हणजे उड्डाणांची नोंदवही, नीट करून घेणं. हे मी कळकळीने सांगतोय कारण माझं यातच अडलं. माझ्या लॉगबुकात बऱ्याच दिवसांच्या फ्लाइट्स एकाच ओळीत होत्या, "६ फ्लाइट्स, ४२ मिनिटं" अशा, आणि लाँच, म्हणजे ग्लायडर हवेत नेणं, विंचने की एरोटोने (विमानामागे दोराने ओढून) हा रकाना रिकामाच. तेव्हा कुणाला वाटलं होतं की हे कधी परदेशात दाखवायची वेळ येईल! इथल्या क्लबच्या हेड इन्स्ट्रक्टरने पान न पान बघितलं, माझ्याबरोबर दोन फ्लाइट्स केल्या, उडवता येतं म्हणाला, पण जे कागदावर दिसत नाही ते मी धरू शकत नाही म्हणाला. त्याचं बरोबरच होतं. पण विंचचे सगळे लाँच मला पहिल्यापासून करावे लागले. तेव्हा प्रत्येक फ्लाइट वेगळी, तारीख, ग्लायडरचा प्रकार, लाँचची पद्धत, ड्युएल (इन्स्ट्रक्टरबरोबर) का सोलो, खाली इन्स्ट्रक्टरची सही आणि शिक्का, आणि सोबत सेंटरकडून एकूण तासांचं इंग्रजीत पत्र, एवढं घेऊन या.

आता आकडे. एसपीएलला किमान १५ तासांचं फ्लाइट ट्रेनिंग लागतं, त्यात १० तास ड्युएल आणि २ तास देखरेखीखाली सोलो, आणि एकूण ४५ लाँच आणि लँडिंग. शिवाय एक क्रॉस कंट्री, म्हणजे विमानतळापासून लांबचं उड्डाण, एकट्याने किमान ५० किलोमीटर किंवा इन्स्ट्रक्टरबरोबर १०० किलोमीटर. ही हडपसरवाल्याला खरी नवी गोष्ट असते कारण आपल्याला धावपट्टी नजरेआड होऊ द्यायची सवयच नसते आणि इथे पहिल्यांदा विमानतळ मागे दिसेनासा होतो ना, तेव्हा पोटात गोळा येतो, आणि मग शेत कसं निवडायचं, उतरायला कुठलं पीक चालतं, तारा कुठे असतात, हे सगळं शिकवतात. मन लावून शिका, मला तरी सगळ्या ट्रेनिंगमधला हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटला. लाँचच्या पद्धतीचं वेगळं असतं, विंचसाठी १० ड्युएल आणि ५ सोलो, एरोटोसाठी ५ आणि ५, जी पद्धत केली तीच तुम्हाला वापरता येते. शेवटी एक्झामिनरबरोबर स्किल टेस्ट.

थिअरीचे ९ विषय आहेत, एअर लॉ, हवामान, नेव्हिगेशन, मानवी क्षमता वगैरे, प्रत्येकात ७५ टक्के हवेत आणि पहिला पेपर दिल्यापासून १८ महिन्यांत सगळे सुटले पाहिजेत. विषय अवघड नाहीत, तुम्ही इंजिनिअर आहात, निम्मं येतंच असेल. अवघड आहे ती भाषा. हिवाळ्यातले क्लबचे थिअरी वर्ग जर्मनमध्ये, ब्रीफिंग जर्मनमध्ये, विंचवाल्याशी फोनवर बोलणं जर्मनमध्ये, आणि केबल तुटल्यावर मागच्या सीटवरून जे ओरडून सांगतात तेही जर्मनमध्येच. म्हणून बी वन या मधल्या पातळीपर्यंत तरी जर्मन करूनच या, ऑफिसात इंग्रजीवर भागतं म्हणून आळस करू नका.

मेडिकलची काळजी सोडा. छंद म्हणून ग्लायडर उडवायला एलएपीएल (हलक्या विमानांच्या लायसन्सचं) मेडिकल पुरतं, चष्मा चालतो, चाळिशीच्या आत ते ६० महिने चालतं आणि तुमच्या वयात २४ महिने. मात्र एव्हिएशनवाल्या डॉक्टरकडेच जावं लागतं, तिथे जुनं आजारपण लपवू नका. रेडिओचं सर्टिफिकेट वेगळं असतं, त्याला बीझेडएफ म्हणतात, त्याची परीक्षा केवळ इंग्रजीतूनही देता येते, पण मी तरी दोन्ही भाषांचं घ्या म्हणेन.

आता ती गोम. लायसन्स संपत नाही, पण उडायचा हक्क तुम्हाला सतत जिवंत ठेवावा लागतो. मागच्या २४ महिन्यांत किमान ५ तास, १५ लाँच आणि इन्स्ट्रक्टरबरोबर २ ट्रेनिंग फ्लाइट्स झालेल्या असल्या पाहिजेत, आणि जी लाँचची पद्धत वापरायची तिचे ५ लाँच त्याच काळात. दरवेळी कुठलाही साहेब तपासायला येत नाही, सकाळी ग्लायडरमध्ये बसायच्या आधी तुम्हीच आपलं लॉगबुक बघायचं आणि पुरेसं नसेल तर इन्स्ट्रक्टरला सांगायचं की आज माझ्याबरोबर बस. सुरुवातीला मला हे विचित्र वाटलं, आपल्याकडे शिक्का असला की झालं अशी सवय, पण आता मला हाच नियम सगळ्यात शहाणपणाचा वाटतो कारण बारा वर्षांपूर्वीचा शिक्का लँडिंगच्या वेळी काही कामाचा नसतो. पॅसेंजर घ्यायचा तर लायसन्स मिळाल्यावर आधी १० तास किंवा ३० लाँच स्वतः करायचे, इन्स्ट्रक्टरबरोबर एक फ्लाइट करून दाखवायची, आणि नंतरही शेवटच्या ९० दिवसांत ३ लाँच असलेच पाहिजेत. म्हणजे मुलीला लगेच पुढच्या महिन्यात फिरवून आणू असं मनात असेल तर तेवढं थांबा.

हे सगळं ज्याच्या आधारावर चालतं तो म्हणजे क्लब. इथे बहुतेक जण पैसे भरून स्कूलमध्ये शिकत नाहीत, क्लबचे मेंबर होऊन शिकतात. इन्स्ट्रक्टर फुकट शिकवतात, त्यांच्या शनिवार-रविवारी, म्हणूनच विंचचा लाँच थोड्या युरोंत पडतो. बदल्यात तुम्ही सकाळी हँगर उघडायला यायचं, ग्लायडर ढकलायचे, केबल ओढायची, फ्लाइट्सची नोंद ठेवायची, आणि संध्याकाळी धुऊन पुसून परत आत ठेवायचे, तेव्हा कुठे दिवसात तीन-चार लाँच मिळतात. हिवाळ्यात वर्कशॉपमध्ये कामाचे तास भरायचे, नाही भरले तर पैसे द्यावे लागतात. वहिनींना हे आधीच सांगून ठेवा, कारण एप्रिल ते सप्टेंबर शनिवार-रविवार घरात दिसणार नाही तुम्ही. मला मात्र जर्मनीत पहिले मित्र मिळाले ते तिथेच, ऑफिसात नाही.

आणि मुलीचं म्हणाल तर माझ्या मते तिचंच सगळ्यात सोपं आहे. आत्ता १३ ची आहे तरी ड्युएल सुरू करू शकते, वयाच्या १४ व्या वर्षी सोलो करता येतं आणि १६ व्या वर्षी लायसन्स. क्लबमध्ये तिच्या वयाची पोरं भरपूर असतात, भाषा तुमच्या आधी तीच बोलायला लागेल. तिची पहिली तीन सोलो झाली की क्लबातले सगळे रांगेत येऊन पार्श्वभागावर एकेक चापटी देतात आणि हातात काटेरी रानफुलांचा गुच्छ देतात, ही इथली जुनी रीत आहे, तेव्हा घाबरू नका, फोटो काढा.

स्टुटगार्टच्या आसपास क्लब पुष्कळ आहेत आणि श्वेबिश आल्ब या डोंगररांगेचा कडा जवळ आहे, वायव्येचा वारा त्या उतारावर आपटून वर चढला की त्याच्यावर तासन्‌तास तरंगता येतं, आपल्या सह्याद्रीच्या कड्यावर घारी करतात तसंच. पण लगेच मेंबरशिपचा फॉर्म भरू नका. दोन-तीन क्लबांत एकेक पूर्ण शनिवार घालवा, काम करू लागा, माणसं बघा, मुलीशी कसं बोलतात ते बघा, आणि मग ठरवा. घर कुठल्या गावात मिळतंय ते कळलं की मला लिहा, एस-बानने (लोकल ट्रेनने) जाता येतील असे क्लब सांगतो.